कॉटेज पाय : मैदा नाही, तरी ‘पाय’ कसा?

प्रश्न असा आला आहे : ‘रविवारी रात्री घरच्यांसाठी कॉटेज पाय करायचा बेत आहे. कृती वाचली, तर खाली खिमा आणि वर कुस्करलेला बटाटा. इंग्रजी पायला (pie) असतं त्या मैद्याच्या कवचाचा पत्ताच नाही. मग याला पाय का म्हणायचं? शेफर्ड्स पाय म्हणतात तो हाच का? आणि मराठीत तो पाय की ती पाय?’

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आपल्या पॅटिसमध्ये आहे. बेकरीतलं पॅटिस म्हणजे मैद्याचे पापुद्रे आणि आत खिमा नाहीतर भाजी. उपवासाचं पॅटिस म्हणजे बाहेर बटाटा आणि आत खोबऱ्याचं सारण. मैदा उपवासाला चालतच नाही, तरी दोन्हींना पॅटिस म्हणताना आपली जीभ अडखळत नाही. सारण आहे, त्यावर आवरण आहे, एवढं आपल्याला पुरतं. इंग्रजीत पायचं हेच झालं. मूळचा पाय पिठाच्या कवचातला, मध्ययुगापासून चालत आलेला. बटाटा युरोपात पोचला सोळाव्या शतकात आणि इंग्लंडमधल्या गरिबाच्या ताटात मुरायला अठरावं शतक उजाडलं. मग कवचाच्या जागी बटाटा आला आणि नाव तेच राहिलं. फरक इतकाच की मोदकाची पारी सारणाला सगळीकडून घेते, इथे बटाटा फक्त वर असतो. म्हणून याला पारी म्हणू नये, झाकण म्हणावं.

आता कॉटेज. आपल्याकडे हा शब्द महाबळेश्वर-माथेरानच्या सुट्टीचा झाला आहे, पण इंग्लंडात तेव्हा कॉटेज म्हणजे शेतमजुराचं खोपटं. तो जुना साधेपणा आपल्या सरकारी मराठीने बरा ओळखला : कुटीरोद्योग, कुटीर रुग्णालय. (मात्र ‘कुटीर पाय’ असं भाषांतर कृपा करून कोणी करू नये.) गंमत अशी की, या शब्दाची नेहमी सांगितली जाणारी जुनी नोंद खोपटातली नाहीच. नॉरफक परगण्यातले पाद्री जेम्स वुडफर्ड रोज काय जेवलो ते रोजनिशीत हौसेने लिहीत. २९ ऑगस्ट १७९१ च्या जेवणात त्यांनी कॉटेज पाय आणि त्याच्या जोडीला भाजलेलं बीफ नोंदवलं आहे. म्हणजे गरिबाचं नाव आणि पाद्रीबुवांचं भरलेलं ताट!

शेफर्ड्स पाय हे नाव त्यानंतरचं, एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास छापील कृतींत दिसू लागलेलं. तेव्हा दोन्ही नावं बिनदिक्कत एकमेकांच्या जागी वापरत आणि मांस कुठलंही चाले. बीफचा असेल तर कॉटेज आणि मेंढीच्या मांसाचा असेल तर शेफर्ड्स, हा काटेकोरपणा अलीकडचा. आज मात्र ब्रिटिश माणूस यावर हमरीतुमरीवर येतो. आपल्या मटणाची इथे पंचाईत होते, कारण इंग्लंडात मटण मेंढीचं आणि आपल्याकडे बहुधा बोकडाचं. माझं मत विचाराल तर मटणाच्या खिम्याचा असेल तर शेफर्ड्स म्हणा. आपला धनगर मेंढरांबरोबर शेरडंही राखतो, तेव्हा नाव वाया जात नाही.

बेत ठरलाच आहे, तर थोडं करण्याबद्दल. चार-पाच माणसांना अर्धा किलो खिमा आणि किलोभर बटाटे पुरतात. कांदा आणि गाजर बारीक चिरून परता, खिमा घालून तो मोकळा आणि तांबूस होऊ द्या, चमचाभर मैदा भुरभुरा, मग टोमॅटो, पाणी किंवा सूप आणि वुस्टर सॉस. (या अस्सल इंग्रजी सॉसमध्ये चिंच असते, हे जाता जाता.) अर्धा तास मंद आचेवर शिजवा. खिमा आळला पाहिजे. पातळ राहिला तर बटाटा त्यात बुडतो आणि झाकणाचा गाळ होतो. म्हणून भांड्यात पसरल्यावर थोडा निवू द्या, वर साय धरल्यासारखा घट्ट दिसला की मगच बटाटा. बटाटे उकडून, पाणी पूर्ण निथळून, लोणी आणि किंचित दूध घालून गरम असतानाच कुस्करा. कडेपासून मध्याकडे पसरत या, म्हणजे रस कडेने उतू येत नाही. वर काट्याने रेघा ओढा, कारण त्या उंचवट्यांचीच टोकं खरपूस होतात. ओव्हन २०० अंशांवर, साधारण अर्धा तास.

शाकाहारी घरात खिम्याऐवजी अख्खा मसूर छान लागतो. इंग्रजीत त्याला विनोदाने ‘शेफर्डलेस पाय’ म्हणतात, म्हणजे धनगराविना.

राहिलं लिंग. केक, पाव, पिझ्झा यांच्या पंगतीत पाय पुल्लिंगीच बसतो आणि आपला शरीराचा पायही पुल्लिंगीच आहे, तेव्हा ‘कॉटेज पाय केला’ हेच कानाला बरं. अनेकवचनही तसंच : एक पाय, दोन पाय. खरी मेख विभक्तीत आहे. शरीराच्या पायाचं सामान्यरूप होतं : पायाला, पायाचा. खायच्या पायचं ते करू नये. केकचा तुकडा म्हणतो तसा पायचा तुकडा म्हणावा. ‘पायाचा तुकडा वाढू का?’ म्हटलं तर पाहुणा पाया सूपची वाट बघत बसेल. आणि क्रियापद जपून वापरा. ‘पाय भाजला’ म्हणालात तर घरचे बर्नॉल शोधायला धावतील. ‘ओव्हनमध्ये लावला’ म्हणा.