जन्मभर ज्या संघाच्या मागे राहिलो, तो संघच शहर सोडून गेला तर काय करायचं?

तुम्ही विचारलंय की अमेरिकेत बेसबॉलचे संघ चक्क गाव बदलतात हे खरं आहे का, आणि ज्याचा संघ असा गेला तो माणूस पुढे काय करतो. खरं आहे. माझाच गेला. ओकलंड ॲथलेटिक्स, आमच्या तोंडी नुसते ‘एज’. २६ सप्टेंबर २०२४ ला ओकलंडमधला शेवटचा सामना खेळले आणि निघाले.

मी आठ वर्षांचा असताना, १९८६ साली, आम्ही सांगलीहून कॅलिफोर्नियातल्या हेवर्डला आलो. ओकलंडच्या थोडं दक्षिणेला. पहिल्याच उन्हाळ्यात अण्णांना, म्हणजे वडिलांना, ऑफिसातल्या कुणीतरी दोन तिकिटं दिली. बार्टनं, म्हणजे इथल्या लोकलनं, कॉलिझियम स्टेशनला उतरायचं आणि लांबलचक पुलावरून चालत थेट स्टेडियमच्या दारात. हातात शेंगांची पिशवी. शेंगा फोडता फोडता अण्णांनी शेजारच्या म्हाताऱ्याला विचारलं, “ह्यात ओव्हरच नाहीत, मग हे संपतं कधी?” त्यानं समजावलं: नऊ डाव, डावात दोन्ही बाजूंचे तीन-तीन गडी बाद, आणि बरोबरी झाली तर चालूच. घड्याळाचा संबंध नाही. अण्णांना हे एकदम पटलं. सांगलीत रेडिओवर कसोटीची कॉमेंट्री ऐकत वहीत धावफलक लिहिणारा माणूस तो. पुढच्या सामन्याला पेन्सिल आणि वही घेऊनच आले. बॅटर बॅट फिरवून चेंडू हुकल्यानं बाद झाला की वहीत ‘के’, आणि बॅट खांद्यावर ठेवून नुसता बघत बाद झाला की तोच ‘के’ उलटा. माझ्या दृष्टीनं बेसबॉल म्हणजे आधी तो उलटा ‘के’, बाकी सगळं नंतर.

मैदान सुंदर होतं असं मी म्हणणार नाही. काँक्रीटचा वाडगा. पलीकडे ओकलंडच्या टेकड्या दिसायच्या, तेवढंच देखणं. मग सोडून गेलेल्या अमेरिकन फुटबॉलच्या संघाला परत आणण्यासाठी तिथं एक अगडबंब सज्जा बांधला, १९९६ मध्ये तो उभा राहिला आणि टेकड्या झाकल्या. २०२० मध्ये तो फुटबॉलचा संघ लास व्हेगासला गेला. सज्जा राहिला.

आणि संघाचं चिन्ह काय, तर हत्ती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, एज फिलाडेल्फियात असताना, न्यूयॉर्कच्या मॅनेजरनं हिणवलं की हा पांढरा हत्ती पोसून मालक बुडणार. फिलाडेल्फियाचे मॅनेजर कॉनी मॅक ह्यांनी तोच हत्ती उचलून चिन्ह केला. आईला बेसबॉलमधलं एवढं एकच आवडायचं. मराठीत न समजावता कळणारी गोष्ट.

आमच्या पिढीचा देव म्हणजे रिकी हेंडरसन. ओकलंडमध्येच वाढलेला. क्रिकेटमधली चोरटी धाव तुम्हाला माहीत आहे. इथं अख्खा बेस, म्हणजे धाव पूर्ण करताना गाठायचा टप्पा, चोरतात. पिचर, म्हणजे इथला गोलंदाज, चेंडू टाकायला वळला की पहिल्या बेसवरचा गडी दुसऱ्याकडे सुसाट सुटतो आणि चेंडू तिथं पोचायच्या आत पोटावर घसरत बेसला हात लावतो. सगळ्यांना ठाऊक असायचं की रिकी पळणार. पिचरला, कॅचरला, शेंगावाल्याला. तरी तो पळायचा आणि पोचायचा. कारकिर्दीत १,४०६ बेस चोरले. विक्रम त्याचाच आहे आणि जवळपास दुसरं कुणी नाही. १ मे १९९१ ला ९३९वा चोरून आधीचा विक्रम मोडला, तेव्हा त्यानं तो बेस जमिनीतून उपटून डोक्यावर धरला होता. आम्ही पोरं पार्किंगमध्ये पायपुसणी घेऊन तेच करायचो.

१९८९ ची अंतिम मालिका आमची आणि खाडीपलीकडच्या सॅन फ्रान्सिस्को जायंट्सची. १७ ऑक्टोबरला संध्याकाळी ५ वाजून ४ मिनिटांनी, तिसरा सामना सुरू व्हायच्या तोंडावर, भूकंप झाला. टीव्हीचं चित्र हललं, मग टीव्ही हलला, मग आईनं मला टेबलाखाली ओढलं. ओकलंडमधला दुमजली रस्ता कोसळून ४२ माणसं गेली. सामना बघायला लोक लवकर घरी गेले नसते तर किती गेली असती, असं इथले लोक अजून म्हणतात. दहा दिवसांनी मालिका पुन्हा सुरू झाली आणि आम्ही ४-० नं जिंकलो. मिरवणुकीचा मूड कुणाचाच नव्हता.

२००२ च्या सलग वीस विजयांबद्दल फार लिहीत नाही, त्यावर सिनेमा येऊन गेलाय. एवढंच सांगतो: विसाव्या सामन्यात आम्ही ११-० नं पुढे होतो आणि कॅन्सस सिटीनं ११-११ केले. शेवटी स्कॉट हॅटेबर्गच्या होमरननं, म्हणजे इथल्या षटकारानं, १२-११. त्या रात्री लक्षात नव्हतं, पण एज ओकलंडला १९६८ मध्ये आले ते कॅन्सस सिटी सोडूनच. तिथंही त्या वर्षी कुणीतरी बाप-लेक माझ्यासारखेच बसले असतील. तेव्हा मला त्यांचं काही वाटलं नाही, हे कबूल करतो.

मग शेवटची वर्षं. मालकांनी चांगले खेळाडू एकेक करून विकले, तिकिटं महाग केली, आणि गर्दी आटली की इथं चाहतेच नाहीत ह्याचा पुरावा म्हणून तीच गर्दी दाखवली. म्हणून १३ जून २०२३ ला, मंगळवारी, लोकांनी उलटा बहिष्कार घातला: सगळ्यांनी यायचं. २७,७५९ आलो. हिरव्या शर्टांवर एकच शब्द, ‘विका’, म्हणजे संघ विका आणि जा. पाचव्या डावात पहिला बॅटर आला तेव्हा ठरल्याप्रमाणे सगळे गप्प बसले. इतकी माणसं आणि चेंडू कॅचरच्या हातमोज्यात शिरल्याचा आवाज वरच्या मजल्यावर ऐकू येतोय. त्याची पाळी संपली आणि मग जी ओरड सुटली! सामना २-१ नं जिंकलो. वर्षभरात हरलो ११२. नोव्हेंबरात बाकी संघांच्या मालकांनी एकमतानं लास व्हेगासला स्थलांतर मंजूर केलं.

शेवटच्या सामन्याला ४६,८८९ माणसं होती. पहिला मानाचा चेंडू टाकायला रिकी आणि एजचा जुना पिचर डेव्ह स्टुअर्ट आले होते. तीनच महिन्यांत, २० डिसेंबरला, रिकी गेला. ते कळलं तेव्हा ह्या दोन गोष्टी मला वेगळ्या करता येईनात. तो शेवटचा सामना ३-२ नं जिंकलो. कुणी उठेना. मैदानाचे कर्मचारी कठड्याशी येऊन लोकांना माती देत होते. मला बिअरच्या प्लास्टिकच्या पेल्यात मिळाली. ती आता लोणच्याच्या बरणीत आहे. बायकोनं एकदाच विचारलं, “ही देवघरात नाही ना ठेवायची?”

परतताना गाडीत मी बराच वेळ मालकांना शिव्या देत होतो. अण्णा खिडकीबाहेर बघत म्हणाले, “आपण सांगली सोडली तेव्हा सांगलीनं कुठं तक्रार केली होती?” मी म्हणालो, आपण जायच्या आधी ‘आम्ही इथलेच’ असं छापून शर्ट विकले नव्हते. ते हसले, पण उत्तर दिलं नाही. त्यांचं म्हणणं माझ्या मनातून अजून गेलेलं नाही.

तर तुमचा प्रश्न: पुढं काय केलं? ठरवलं की बघायचं नाही. संघ लास व्हेगासचं स्टेडियम होईपर्यंत सॅक्रामेंटोजवळच्या एका छोट्या मैदानावर खेळतोय, नावात कुठलंच शहर न लावता, नुसते ‘ॲथलेटिक्स’. तिकडे मी एकदाही गेलो नाही आणि शर्ट घेतला नाही. जायंट्सचा चाहता हो असं मित्र सांगतात. ते तर ह्या जन्मी शक्य नाही. पण २५ जुलै २०२५ ला, शुक्रवारी संध्याकाळी, खिचडी लावली होती आणि फोन मिसळणाच्या डब्याला टेकवून ठेवला होता. ‘नुसता स्कोअर.’ निक कर्ट्झ नावाच्या नवख्या पोरानं ह्यूस्टनमध्ये एका सामन्यात चार होमरन मारले. ह्याआधी कुठल्याच नवख्यानं मारलेले नाहीत. चौथ्याला मी असा ओरडलो की बायको धावत आली. खिचडी खाली लागली.

अण्णांना फोन केला. त्यांनी सोडलंय असं मी धरून चाललो होतो, कारण त्या दिवसानंतर त्यांनी कधी विषय काढला नव्हता. म्हणाले, “लिहितोच आहे.” रविवारी गेलो तेव्हा वही बघितली. नवी वही, मोसमातला एकेक सामना, उलटे ‘के’ सकट. पानाच्या माथ्यावर डावीकडे ते नेहमी ‘ओकलंड’ लिहायचे. ती जागा प्रत्येक पानावर कोरी सोडली होती.