पोरगा तिकडे रडून राह्यला, वापस बोलावून घेऊ का मॅडम?

दिवाळी झाली की हा प्रश्न घेऊन परदेशी शिकणाऱ्या पोरांच्या घरचं कुणी ना कुणी समुपदेशनासाठी माझ्याकडे येतंच. यावेळी नागपूरच्या त्रिमूर्ती नगरकडच्या एक ताई होत्या, सोबत त्यांचे मिस्टर, म्हणजे भाऊ (ओळख कळू नये म्हणून काही गोष्टी बदलल्यात). मुलगा इथून मेकॅनिकल करून मास्टर्ससाठी जर्मनीत मॅग्डेबर्गला गेला, ऑक्टोबरमध्ये एकदम खुश होता, नोव्हेंबर संपता संपता फोनवर रडायला लागला. ताई म्हणे, "जेवून नाही राह्यला, झोपून नाही राह्यला, लोनचं पाहून घेऊ आम्ही, पण पोरगं हातचं जाईल नं मॅडम." भाऊ म्हणे, "काही होत नाही, लाडानं बिघडला तो," पण बोलताना आवाज त्यांचाही नीट निघत नव्हता.

तिकीट काढा किंवा काढू नका, यातलं काहीच मी तेव्हा सांगितलं नाही, आधी मुलाशी बोलू द्या म्हटलं.

व्हिडिओ कॉलवर अशा मुलांना "कसं वाटतंय" विचारलं की उत्तर येतं "ठीक", पुढे गाडी जात नाही. म्हणून मी सरळ म्हटलं, काल उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय केलं ते सांग, अगदी चहापर्यंत. तर साहेब उठले साडेअकराला. सकाळचं लेक्चर गेलं. ब्रेड-जॅम खाल्ला, थोडा वेळ लॅपटॉप, चारच्या आसपास बाहेर अंधार (तिकडे या दिवसांत सूर्य तेव्हाच मावळतो), पाच वाजता आईचा कॉल, तो दीड तास, मग मॅगी, मग रील्स, आणि रात्री दोन वाजता बाबांचा कॉल.

रात्री दोन? मी विचारलं, दोन वाजता काहून?

तर भाऊ सकाळी फिरून आले की साडेसहाला पोराला फोन लावायचे, रोज, आणि हिवाळ्यात जर्मनी आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते म्हणजे तिकडे रात्रीचे दोन. पोरगा कॉलसाठी जागा राहायचा कारण "बाबा एवढ्या हौसेनं करतात, नाही कसं म्हणू". बाबांना वाटायचं हा रात्रभर अभ्यासच करतो. ताईंचा कॉल जेवणं आटोपल्यावर साडेनऊला, म्हणजे तिकडे बरोबर संध्याकाळी पाच, जेव्हा क्लासची मुलं ग्रुपनं बाहेर पडतात किंवा एकत्र स्वयंपाक करतात. मुलगा राहत होता मॅग्डेबर्गला पण दिवस चालला होता नागपूरच्या घड्याळावर, आणि दिवसाउजेडाचे जे सात-आठ तास तिथे मिळतात त्यातले निम्मे झोपेत जात होते. अशानं कोणाचंही मन खचेल, त्यात लाडाचा काही संबंध नाही.

आता ऑक्टोबर बरा का गेला तेही सांगते, कारण इथे पालक फसतात. पहिले काही आठवडे कामंच इतकी असतात, राहत्या पत्त्याची नोंदणी, बँक, विमा, युनिव्हर्सिटीचं कार्ड, ट्रॅमचं पाहणं, की घराची आठवण यायला जागाच नसते. कामं संपतात नोव्हेंबरमध्ये, थंडी आणि अंधार पण तेव्हाच, आणि मग पोरगं कोसळतं. कालेर्वो ओबर्ग नावाच्या मानववंशशास्त्रज्ञानं 1960 मध्ये कल्चर शॉकच्या पायऱ्या मांडल्या, आधी हनिमून मग त्रास मग सावरणं वगैरे, ते वाचून लोक विचारतात आमचा कोणत्या पायरीवर आहे. मला स्वतःला या पायऱ्यांपेक्षा झोप-जेवणाचं वेळापत्रक जास्त कामाचं वाटतं.

जेवणाचं वेगळंच निघालं. शेअर्ड किचनमध्ये त्यानं एकदा लाल मिरचीची फोडणी दिली, धुराचा अलार्म कर्कश वाजायला लागला, बाजूच्या रूमची मुलगी पळत आली, जर्मनमध्ये काहीतरी बोलली आणि हा गॅस नाही पण ते इलेक्ट्रिकचं शेगडीसारखं असतं ते बंद करून खोलीत जाऊन बसला, त्यानंतर किचनमध्ये गेलाच नाही. सावजी खाणारं पोरगं ब्रेडवर! तिला विचार म्हटलं नेमकं काय म्हणाली होती. आठ दिवस ढकललं, मग विचारलं. ती एवढंच म्हणत होती की आधी खिडकी उघड.

मेन्साचं म्हणजे युनिव्हर्सिटीच्या कॅन्टीनचं जेवण त्याला महाग वाटायचं कारण प्रत्येक युरो तो शंभरानं गुणायचा. तीन-चार युरोचं जेवण म्हणजे तीन-चारशे रुपये, नकोच. अरे पण व्हिसासाठी जे ब्लॉक्ड अकाउंट (वर्षभराच्या खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायचं खातं) करायला लावतात, त्यात तेव्हा वर्षाचे 11,904 युरो होते, त्यातून महिन्याला 992 मिळतात ते जगायसाठीच नं. आठवड्यात तीनदा तरी दुपारी मेन्सात, आणि एकट्यानं नाही, एवढं ठरलं.

बाकी काही मोठं केलं नाही आम्ही. झोप लागो न लागो सकाळी आठला उठायचं, उजेड असताना बाहेर पडायचं, युनिव्हर्सिटीच्या स्पोर्ट्स कोर्समध्ये बॅडमिंटन (फी अगदी थोडी असते), आणि घरचा मोठा कॉल फक्त रविवारी आपल्या दुपारी साडेतीनला, तिकडे तेव्हा अकरा. रविवारच का, तर तिकडे रविवारी दुकानं बंद, सगळं सामसूम, एकटं वाटतं ते याच दिवशी. मधल्या दिवशी व्हॉइस मेसेज टाका, तो जमेल तेव्हा ऐकेल. ताईंना हे सर्वात जड गेलं, पहिल्या आठवड्यात दोनदा नियम मोडला त्यांनी.

पण हे सगळ्यांना लागू नाही हं. दोन-तीन आठवडे झोप-जेवण पूर्ण बिघडलेलं, क्लास बंद, फोन उचलणं बंद, किंवा "जगून काय करू" असं काही बोलला तर वेळापत्रकाच्या गोष्टी बाजूला ठेवा. तिकडे विद्यार्थ्यांसाठीच्या श्टुडिरेंडनवेर्क या संस्थेकडे समुपदेशन असतं, बऱ्याच ठिकाणी इंग्रजीतही, डॉक्टरचा खर्च विम्यात येतो, जीवाला धोका वाटला तर 112. इथे पालकांना स्वतःला बोलायचं असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर आहे, तोही वापरा.

वापस बोलवायचं का, यावर मी ताईंना म्हटलं, फेब्रुवारीच्या परीक्षेपर्यंत थांबा, अंधाराच्या महिन्यात एवढा मोठा निर्णय नको. त्यानंतरही त्याला यायचंच असेल तर येऊ द्या, आणि आला तर लोनचा टोमणा मारायचा नाही, हे भाऊंकडून तिथेच कबूल करून घेतलं. पोरगा आला नाही. एक विषय राहिला, तो परत देणार आहे. आणि हो, मार्चच्या शेवटच्या रविवारपासून तिकडचं घड्याळ एक तास पुढे जातं, फरक साडेतीन तासांचा होतो, तेव्हा कॉलची वेळ नव्यानं त्यालाच विचारून ठरवा.