प्रोजेक्टर की 75 इंची टीव्ही? आधी खोली बघा, मग वायरिंग

तुमचा हॉल 12 बाय 16 फुटांचा, पश्चिमेला मोठी खिडकी, घरात चार माणसं, बजेट दीड लाख. प्रोजेक्टर घ्यावा का 75 इंची टीव्ही, असं तुम्ही विचारलंय. त्या हॉलला टीव्हीच घ्या. एवढ्यावर उत्तर संपलं असतं, पण प्रश्नाच्या शेवटी तुम्ही लिहिलंय, ‘प्रोजेक्टर म्हणजे शेवटी शाळेतलीच वस्तू, असं घरचे म्हणतात, ते खरं आहे का?’ नाही, अजिबात खरं नाही. हेच वाक्य मी माझ्या घरात इतक्यांदा ऐकलंय की आज सविस्तर लिहिणार आहे.

आमचं घर उदगीरला. जुना वाडा होता, पुढचा भाग पाडून स्लॅबचं बांधकाम केलं, मागची माळवदाची एक खोली तेवढी राहिली. दगडमातीच्या दोन-अडीच हात जाड भिंती, खिडकी एकही नाही, उजेडाला छतात फक्त एक सानं. भर दुपारी दार लोटलं की आपलाच हात आपल्याला दिसत नाही. घरात सगळे तिला अडगळ म्हणायचे. मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते, भिंगं आणि प्रकाश हा दरवर्षीचा धडा. मला त्या खोलीत पहिल्यापासून थिएटरच दिसत होतं.

कारण साधं आहे. प्रोजेक्टर काळा रंग पाडू शकत नाही. जिथं काळं दाखवायचं तिथं तो फक्त उजेड अडवतो, म्हणजे खोलीतल्या उजेडात तुमची भिंत जेवढी पांढरी दिसते, तेवढंच तुमचं ‘काळं’ पांढरट होणार. खिडकीतून ऊन येत असेल तर रात्रीचा प्रसंग दुधात बुडाल्यासारखा दिसतो. मग यंत्र लाखाचं असो नाहीतर पाच लाखांचं. टीव्हीचं तसं नसतं. त्याचा पडदाच काळसर असतो आणि उजेड आतून येतो. म्हणून उजेडाच्या खोलीत टीव्ही आणि अंधाऱ्या खोलीत प्रोजेक्टर. यात आवडीनिवडीचा प्रश्नच येत नाही.

मार्च 2023 मध्ये मी माझ्या पैशांनी सुमारे पाऊण लाखाचा प्रोजेक्टर घेतला. फुल एचडी, तीन रंगांना तीन वेगळ्या एलसीडी असलेला, माहितीपत्रकात 3,400 ल्युमेन (यंत्रातून बाहेर पडणाऱ्या उजेडाचं माप). धाकटे भाऊजी म्हणाले, “वहिनी, शाळेतली वस्तू घरात आणायलात का?” त्यांचा राग कुठून आला ते मला माहीत होतं. आदल्या वर्षी त्यांनी ऑनलाइन नऊ हजारांचा प्रोजेक्टर मागवला होता. खोक्यावर ‘9,000 ल्युमेन, 4के’. चित्र असं फिकट की रात्रीसुद्धा चेहरे ओळखू येईनात. 9,000 हा आकडा कशाचा, हे त्या खोक्यावर कुठंच लिहिलेलं नव्हतं. मोजायची रीत ठरलेली आहे, तिला आन्सी ल्युमेन म्हणतात. स्वस्त यंत्रांत तो खरा आकडा अनेकदा दोन-तीनशेच्या आसपास भरतो. ‘4के सपोर्ट’ म्हणजे ते यंत्र 4के सिग्नल घेतं आणि आपल्या कमी पिक्सेलवर बसवून दाखवतं. विचारायचं असेल तर एकच विचारा, ‘नेटिव्ह रिझोल्यूशन, म्हणजे यंत्राचे स्वतःचे पिक्सेल, किती?’

फसवणूक झाली ती आकड्यात. भाऊजींनी मात्र दोष दिला प्रोजेक्टर नावाच्या अख्ख्या जातीला. मी त्यांना गणित करून दाखवलं होतं, तेच तुम्हालाही सांगते. 100 इंची पडदा म्हणजे 221 सेंटिमीटर रुंद आणि 124 सेंटिमीटर उंच, क्षेत्रफळ साधारण पावणेतीन चौरस मीटर. ल्युमेनला क्षेत्रफळानं भागा, मग 3.14 नं भागा, पडद्याची चमक निट या एककात येते. माझ्या यंत्राचे 3,400 ल्युमेन सगळ्यात भडक मोडमधले आहेत, सिनेमाच्या मोडमध्ये निम्म्यावर येतात. 1,500 धरले तरी 170 निटच्या वर जातं. थिएटरच्या डिजिटल पडद्याचं प्रमाण 48 निट आहे. नऊ हजारवाल्याचे 200 ल्युमेन धरले तर येतात 23. ही आकडेमोड आमच्या अकरावीच्या मुलांना पाच मिनिटांत जमते.

खोलीवर मी दोन महिने खपले. माळवदातून माती झरते, म्हणून तुळयांच्या खालून मांजरपाटाचा चांदवा ताणून घेतला. सान्यावर आतून काळं कापड लावलेली फळी बसवली, पावसाळ्यात वरून पत्रा. दाराला जाड वाकळ टांगली, कारण एक माणूस आत आला की अख्खं चित्र पुसलं जायचं. पडदा म्हणून समोरच्या भिंतीला गुळगुळीत गिलावा करून चमक नसलेला पांढरा रंग दिला. यंत्र सागवानी तुळईला टांगलं. इथं एक सांगते. इलेक्ट्रिशियननं ते तिरकं टांगलं आणि रिमोटवरून कीस्टोन करून चौकोन सरळ केला. कीस्टोन म्हणजे कडेचे पिक्सेल रिकामे ठेवून उरलेल्या पिक्सेलमध्ये चित्र कोंबणं. मी ते उतरवून पुन्हा सरळ लावायला लावलं. थ्रो रेशो, म्हणजे अंतर भागिले चित्राची रुंदी, 1.4 असेल तर 221 सेंटिमीटर रुंदीला भिंगापासून भिंत 310 सेंटिमीटर लागते. हे अंतर खोलीत आहे का ते टेप लावून बघायचं आणि मगच पैसे मोजायचे.

मातीच्या भिंतींचा आणखी एक फायदा मला नंतर कळला. आवाज घुमत नाही. पुढच्या हॉलमध्ये टाळी वाजवली तर टाइल्स, काच आणि स्लॅब तिचे दोन-तीन पडसाद ऐकवतात. मागच्या खोलीत टाळी तिथंच विरते. सिनेमातलं कुजबुजलेलं वाक्य तिथं कळतं. सासूबाईंना ऐकू कमी येतं, पण त्या खोलीत त्या कीर्तन ऐकत बसायच्या. एकदा म्हणाल्या, “दिसायलंय बी चांगलं अन् कळायलंय बी.”

तेव्हाच मी घरात एक गोष्ट मागितली होती. इन्व्हर्टरची एक लाइन मागच्या खोलीपर्यंत न्या. पुढच्या हॉलचं वायरिंग चालू होतं, वीस-पंचवीस मीटर वायर आणि एक दिवसाचं काम. भाऊजी म्हणाले, “त्या खोलीत कोण बसायलंय, वहिनी?” आणि विषय संपला. हे मी इथं मुद्दाम नोंदवून ठेवते.

त्याच दिवाळीत भाऊजींनी लातूरहून 75 इंची टीव्ही आणला. तो 166 सेंटिमीटर रुंद. मोठा टीव्ही आडवा झोपवून न्यायचा नसतो, पॅनल पिचकतं, म्हणून चौघांनी खोकं उभं धरून आमच्या बोळातून आणलं. टीव्ही चांगला होता, त्याबद्दल तक्रार नाही. फक्त पॅनल चकचकीत, समोर पश्चिमेची खिडकी आणि पडदा लावलेला नाही. दुपारी चार वाजता त्यात सिनेमापेक्षा खिडकीच जास्त दिसायची. तुमची खिडकीही पश्चिमेलाच आहे म्हणून सांगते.

मग 19 नोव्हेंबर 2023, विश्वचषकाचा अंतिम सामना. दिवाळीला आलेली नणंद, तिची मुलं, गल्लीतली पोरं, सगळी आमच्याकडे. सामना दुपारी दोनला सुरू झाला. हॉलमध्ये ऊन होतं, मागच्या खोलीत मिट्ट काळोख. भाऊजी आणि त्यांचे पाच-सहा मित्र पुढे बसले, बाकी चौतीस माणसं मागे. मी मोजली होती, कारण चहा मलाच टाकायचा होता. भारताच्या 240 धावा झाल्या तरी कुणी नाराज नव्हतं. सात षटकांत ऑस्ट्रेलिया 3 बाद 47 झाला तेव्हा त्या खोलीत जो ओरडा झाला, तसा आमच्या वाड्यानं कधी ऐकला नसेल. दहा फुटांवरून भिंतभर सामना, कुणीही कुणाच्या डोक्याआडून बघत नव्हतं.

आणि वीज गेली.

पुढे इन्व्हर्टरवर टीव्ही चालूच राहिला. मागे सगळं काळं. दोन-तीन मिनिटांनी वीज आली, पण दिव्याच्या प्रोजेक्टरचं असं आहे की वीज गेली की थंड करणारा पंखाही बंद पडतो, दिवा तापलेला राहतो, आणि तो निवल्याशिवाय यंत्र पुन्हा पेटत नाही. तोवर चौतीसच्या चौतीस माणसं उठून पुढे गेली होती. ऑस्ट्रेलियाच्या ट्रॅव्हिस हेडच्या 137 धावा सगळ्यांनी हॉलमध्येच, एकमेकांच्या खांद्यावरून बघितल्या. मी दारात उभी होते. भाऊजी सगळ्यांसमोर म्हणाले, “वहिनी, शेवटी शाळेतलीच वस्तू.”

यंत्र बंद पडलं नव्हतं. लाइन दिली नव्हती. या दोन वाक्यांतला फरक समजावून सांगायला मला तेव्हा शब्द सुचले नाहीत, म्हणून आज सांगते. टीव्ही इन्व्हर्टरवर होता म्हणून चालला. तोच टीव्ही मागच्या खोलीत लावला असता तर तोही त्याच क्षणी काळा झाला असता. पुढच्याच आठवड्यात मी वेगळा इन्व्हर्टर बसवून घेतला, प्रोजेक्टर आणि सेट टॉप बॉक्स दोन्ही त्यावर. त्यानंतर वीज कित्येकदा गेली, आमचा तालुका आहे, जाणारच. पडदा एकदाही काळा झाला नाही. हे बघायला भाऊजी आलेले नाहीत.

आता तुमचं. हॉलला टीव्ही, आणि 75 इंचीच. सोफा भिंतीपासून दहा फुटांवर ठेवा. तिरप्या मापाच्या 1.6 पट अंतर म्हटलं की बरोबर तेवढंच येतं, आणि तेवढ्यावर पडदा नजरेत भरतो. एलसीडी पॅनलचे दोन प्रकार असतात, दुकानात पॅनल व्हीए का आयपीएस ते विचारा. समोरून बघणार असाल तर व्हीए, काळं जास्त खोल दिसतं. बाजूच्या दिवाणावरूनही बघणारे असतील तर आयपीएस. ‘फुल अ‍ॅरे लोकल डिमिंग’ (पडद्यामागचे दिवे भागाभागानं मंद होण्याची सोय) परवडत असेल तर पहिले पैसे त्यावर घाला, आठके-बिठकेवर नको. दुकानातला भडक मोड घरी आल्या आल्या बदला. 22 सप्टेंबर 2025 पासून 32 इंचांवरच्या टीव्हीचा आणि प्रोजेक्टरचाही जीएसटी 28 वरून 18 टक्के झालाय, तेव्हा कुणी जुन्या किमतीवर ‘खास सूट’ सांगत असेल तर हिशेब मागा.

दीड लाखातले तीस हजार आवाजासाठी बाजूला काढा, यात तडजोड नको. सपाट टीव्हीचे स्पीकर खाली किंवा मागे तोंड करून असतात, संवाद भिंतीत जातात. मधला स्पीकर वेगळा असलेला संच घ्या, माणसाचं बोलणं त्यातून येतं. आणि खिडकीला जाड दुहेरी पडदा, खाली सतरंजी. या दोन वस्तूंनी तुमच्या हॉलचा आवाज जेवढा सुधारेल तेवढा महागड्या केबलनं सुधारणार नाही.

घरात कुठं आतली, खिडकी नसलेली खोली असेल, किंवा सिनेमा फक्त रात्री बघणार असाल, तर मात्र माझं उत्तर उलटं आहे. 100 इंची चित्र 75 इंचीच्या जवळपास पावणेदोनपट मोठं असतं. पंधरा माणसं एकत्र बसणार असतील तर त्याला दुसरा पर्याय नाही.

प्रोजेक्टरच्या अडचणी आहेत, त्याही सांगते, नाहीतर म्हणाल एकच बाजू लिहिली. दिवा साधारण तीन ते पाच हजार तास जातो, नंतर बदलावा लागतो. रोज बातम्या आणि मालिका लावून ठेवणाऱ्या घरात तो परवडत नाही. लेझरचा घेतला तर वीस हजार तास सांगतात आणि वीज गेल्यावर निवायची वाटही बघावी लागत नाही, पण किंमत चढते. आपल्याकडे मे महिन्यात पारा 42 च्या वर जातो, आणि बहुतेक प्रोजेक्टरच्या माहितीपत्रकात 35 ते 40 अंशांची मर्यादा लिहिलेली असते. माझी खोली जाड भिंतींमुळे थंड राहते. पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्याच्या खोलीत कूलर-एसी नसेल तर मी प्रोजेक्टर सुचवणार नाही. धुळीसाठी दर पंधरा दिवसांनी फिल्टर काढून झटकावा लागतो. एकच चिप आणि फिरणारं रंगचक्र असलेल्या डीएलपी नावाच्या प्रकारच्या प्रोजेक्टरमध्ये काहींना कडेला इंद्रधनुष्यासारख्या रेघा दिसतात, म्हणून घरातल्या सगळ्यांना दुकानात नेऊन दाखवा. माझ्या नणंदेला दिसतात, मला दिसत नाहीत.

आणि टीव्ही घ्या नाहीतर प्रोजेक्टर, इलेक्ट्रिशियन ‘इन्व्हर्टरवर टाकलंय’ म्हणाला की तो घरात असतानाच मेन पाडा. पडदा, सेट टॉप बॉक्स, साउंड आणि वायफायचा राउटर, चारही चालू राहतात का ते बघा. सगळे चालले तरच त्याला पैसे द्या. घरातलं कुणी म्हणालं की त्या कोपऱ्यात लाइन कशाला, तर स्वतः वायर आणून द्या आणि त्याच दिवशी टाकून घ्या.