महिनाभर रोज एक वस्तू, रोज एक घाणा: जमतं, पण तीस प्रकारांची यादी फाडून टाका

तुम्ही विचारलंय की नोकरी सांभाळून महिनाभर रोज हस्तकलेची एक छोटी वस्तू आणि रोज बेक केलेला एक पदार्थ असं जमेल का, सामान काय काय आणून ठेवावं आणि खर्च किती येईल. सोबत तीस दिवसांची यादीही दिली आहे. पहिल्या दिवशी कपकेक आणि क्विलिंगचे, म्हणजे कागदाच्या पट्ट्या गुंडाळून केलेले कानातले, दुसऱ्या दिवशी फोकाचिया हा इटालियन पाव आणि मॅक्रमेची, म्हणजे दोऱ्याच्या गाठींची कीचेन, तिसऱ्या दिवशी अजून तिसरंच काही.

जमेल. यादी मात्र फाडून टाका. ती वाचताना मला आमच्या वन्संचा आवाज ऐकू आला, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आम्ही बडोद्याचे, दांडिया बाजारातले. घरात मराठी आणि दाराबाहेर पाऊल टाकलं की गुजराती, असं चार पिढ्या चाललंय. धाकट्या दिरांच्या मुलीचं लग्न वैशाखात ठरलं आणि हातात जेमतेम महिना उरला. धाकटी जाऊ बँकेत, मार्चअखेरीच्या कामातून तिने नुकतंच डोकं वर काढलेलं. मी तेव्हा शाळेत शिकवत होते, म्हणजे ऐन परीक्षेचे पेपर तपासायचे दिवस. रुखवताचा विषय निघाला तसा पुण्याहून वन्संचा फोन आला. "अगं, रुखवत भाड्याने मिळतं हल्ली. माणसं येऊन टेबल मांडून जातात आणि लग्न लागलं की उचलून नेतात. कशाला जीव काढता?" मी सांगितलं, रुखवत घरीच होईल. त्यावर लगेच, "मग पंचवीस-तीस प्रकार तरी दिसू देत हं. मुलाकडची मंडळी मोजतात."

तेव्हाच मी ठरवलं की प्रकार दोनच करायचे. क्रोशाच्या टोपल्या आणि नानखटाई. रात्री जेवणं आटोपली, ओटा पुसून झाला की तासभर बसायचं. एक टोपली, एक घाणा, बास.

हे मी हट्टाने ठरवलं असं वन्संना अजूनही वाटतं. त्यामागे साधा हिशेब होता. रोज नवा पदार्थ म्हणजे रोज नवं सामान, रोज नवी कृती वाचणं, रोज पहिलाच प्रयत्न. नोकरीवरून थकून आलेल्या माणसाचा अर्धा जीव विचार करण्यातच जातो. आठव्या दिवशी घरात क्रीम चीज नसतं, नवव्या दिवशी डिंक संपलेला असतो, आणि दहाव्या दिवशी तुम्ही सोडून देता. तेच ते करायचं असलं की हात आपोआप डब्याकडे जातो. शिवाय पहिल्या प्रयत्नात पदार्थ फक्त होतो, कळत नाही. नानखटाई मला कळली ती रोज केली म्हणून.

बडोद्यात वैशाखात पारा चाळिशीच्या वर असतो. बरणीतलं तूप तेलासारखं पातळ होतं. पातळ तुपात साखर फेसायला घेतली तर ती फेसतच नाही, आणि खटाई ट्रेमध्ये पसरून पापडासारखी सपाट होते. म्हणून तूप वाटीत काढून फ्रीजमध्ये थिजवायचं, रवाळ आणि पांढरं झालं की परातीत घेऊन तळहाताने फेसायचं. शंभर ग्रॅम तूप, तेवढीच पिठीसाखर. हाताखालची करकर थांबली आणि गोळा पांढराशुभ्र, हलका झाला की सव्वाशे ग्रॅम मैदा, पन्नास ग्रॅम बेसन, पंचवीस ग्रॅम बारीक रवा, वेलदोड्याची पूड आणि सोडा अगदी चिमूटभर. सोडा जास्त झाला की साबणासारखी चव येते, ती वेलदोड्याने झाकत नाही. पीठ मळायचं नाही, नुसतं एकत्र करायचं. गोळे वळून, वर चारोळी दाबून, ट्रे पुन्हा वीस मिनिटं फ्रीजमध्ये. मग तापवलेल्या ओव्हनमध्ये एकशे साठ अंशांवर अठरा-वीस मिनिटं. वरून रंग येण्याची वाट पाहायची नाही. एक खटाई हलकेच उचलून तळ बघायचा, तो बदामी दिसला की बंद. तेव्हा ती बोटाला मऊ लागते, गार झाल्यावर खुसखुशीत होते. मऊ आहे म्हणून पुन्हा आत सरकवलेली खटाई दुसऱ्या दिवशी दगड होते.

यातलं निम्मं मला आधीपासून ठाऊक होतं, बाकीचं त्या महिन्यात हाताला लागलं. पहिल्या आठवड्यातल्या खटाया आम्ही रोज आळीत वाटून टाकायचो. शेजारच्या कोकिलाबेनने एक तोंडात टाकली आणि म्हणाल्या, "बेसन काचुं लागे छे." म्हणजे बेसन कच्चं लागतंय. खरंच लागत होतं. दुसऱ्या दिवसापासून बेसन मंद आचेवर वास सुटेपर्यंत कोरडं भाजून, पूर्ण गार करून घ्यायला लागलो. दुसऱ्या दिवशी मी चॉकलेट केक केला असता तर हे बेसनाचं कळलं असतं का? वन्संना मी हे अनेकदा विचारलंय.

टोपल्यांचं तसंच. नवरीमुलीला क्रोशाचा एकच टाका येत होता, पण तो सफाईने येत होता. पांढऱ्या सुताची गोल टोपली विणायची आणि ती ताठ करायची. आमच्या आई साखरेच्या पाकात बुडवून ताठ करायच्या. पाक दिसतो सुरेख, पण उन्हाळ्यात मुंग्यांची रांग लागते. आम्ही फेव्हिकॉल आणि पाणी निम्मं निम्मं घेतलं. स्टीलची वाटी प्लास्टिकच्या कागदाने गुंडाळून पालथी घालायची, तिच्यावर भिजवून पिळलेली टोपली ओढून बसवायची, काठाच्या पाकळ्या बोटांनी एकेक बाहेर वळवायच्या, आणि रात्रभर पंख्याखाली ठेवून द्यायची. सकाळी वाटी काढली की टोपली आपली आपण उभी राहते. आत बटर पेपरचा गोल घालून त्यात आदल्या रात्रीच्या खटाया रचायच्या. म्हणजे वस्तू आणि पदार्थ एकमेकांच्या उपयोगी पडले. तुमच्या यादीत मला हेच खटकलं, की कीचेनचा फोकाचियाशी काही संबंध नाही.

लग्नात टेबल मांडलं. मधे सप्तपदीच्या सुपाऱ्या, त्या मुलीच्या मैत्रिणींनी सजवल्या होत्या. दोन्ही बाजूंना टोपल्या, प्रत्येकीत खटाया. जाऊबाईंनी करंज्या आणि अनारसे ठेवले होते, ते परंपरेचं. वन्सं आल्या, चष्मा सावरून टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेल्या, आणि विहीणबाईंच्या देखत म्हणाल्या, "अगं बाई, सगळीकडे खटाईच? महिनाभर हेच केलंत? यात कला ती काय?"

मांडवात मी काही बोलले नाही, लग्नघर होतं. पण आता बोलते.

बडोद्यात जन्मलेल्या बाईने छोट्या वस्तूत कला काय, असं विचारावं याचं मला वाईट वाटतं. याच गावात सयाजीरावांनी १८९० मध्ये कलाभवन काढलं. तिथे चित्रकलेइतक्याच मानाने सुतारकाम आणि रंगाईकाम शिकवलं जायचं. दादासाहेब फाळके तिथे शिकले. पुढे इथल्या विद्यापीठाच्या फाइन आर्ट्स विभागाच्या फेअरसाठी, म्हणजे जत्रेसाठी, विद्यार्थी आणि शिक्षक हाताने वस्तू करून विकायचे. के. जी. सुब्रमण्यन यांच्यासारखा मोठा चित्रकार त्या फेअरसाठी लहान मुलांची खेळणी करत बसायचा. त्यांना कुणी विचारलं नाही की खेळणंच का करता. छोटी गोष्ट पुन्हा पुन्हा करून नेटकी करणं हीच तर कारागिरी आहे. बडोद्याजवळच्या संखेड्याचा कारागीर आयुष्यभर लाखेचं लाकडी सामानच रंगवतो ना? त्याला जाऊन प्रकार विचारा.

आणि ती नवरीमुलगी आज वजनकाटा न घेता नानखटाई करते. गोळा हातात घेऊन सांगते, काकू, चमचाभर मैदा हवाय. हे तीस प्रकारांच्या टेबलावरून मिळालं नसतं, भाड्याच्या तर नाहीच नाही.

तर तुम्ही असं करा. एक वस्तू निवडा, एक पदार्थ निवडा. फार तर आठवड्याने त्यात थोडा बदल करा: वेलदोड्याऐवजी जायफळ, मैद्याऐवजी निम्मी कणीक, पांढऱ्या सुताऐवजी रंगीत. वेळ तासाभराचाच धरा. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करायला जाऊ नका, त्याने पुढचे चार दिवस चुकतात. केलेलं घरात साठवू नका, रोज कुणाला तरी द्या, आणि अशा माणसाला द्या जो तोंडावर खरं सांगेल. रोज फोटो काढून इंटरनेटवर टाकायचे असतील तर माझं मत स्पष्ट आहे: नको. फोटो सुरू झाले की रोज नवं दाखवावंसं वाटतं आणि पुन्हा त्या यादीत अडकायला होतं.

सामानाचं म्हणाल तर थोडक्यात सांगते. तुम्ही बडोद्याचे असाल तर सूत, लेस, मणी मंगळ बाजारात, मैदा-बेसन हाथीखान्यात एकदमच घ्या. इतर गावी जिथे वाणसामान ठोक मिळतं तिथे. सोडा आणि बेकिंग पावडर मात्र लहान पाकिटंच आणा. जुनी बेकिंग पावडर गरम पाण्यात चमचाभर टाकून बघा, फसफसली नाही तर टाकून द्या. ओव्हन नसला तरी अडत नाही, जाड बुडाच्या पातेल्यात मीठ पसरून, वर रिंग ठेवून, झाकण घालून होतं, फक्त एका वेळी कमी होतात. कुकर वापरलात तर शिट्टी आणि रबर काढायला विसरू नका.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. पावसाळ्यात हा महिना धरणार असाल तर माझं वेळापत्रक जसंच्या तसं चालणार नाही. दमट हवेत फेव्हिकॉल रात्रीत वाळत नाही आणि बिस्किटं डब्यात मऊ पडतात. मऊ पडली तर शंभर-एकशेवीस अंशांवर आठ-दहा मिनिटं ठेवून, पूर्ण गार करून मगच डबा लावा. कोमट असताना झाकण लावलं की वाफेने पुन्हा मऊ. घरात कुणाला मधुमेह असेल तर रोज गोड वास घरभर फिरवणं हा त्या माणसाला त्रास आहे, त्यापेक्षा जिरं-ओव्याची खारी बिस्किटं धरा. आणि तुमचा हात आधीच बसलेला असेल, चार पदार्थ झोपेतही येत असतील, तर एकाच पदार्थाने कंटाळाल. तुम्ही दोन धरा, तीन धरा. पण तीस नको.

भाड्याचं रुखवत मागवणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही. घरात करणारं कुणी नाही, आजारपण आहे, वेळच नाही, तर जरूर मागवावं, त्यात लाज नाही. माझा वाद आहे तो करणाऱ्याला मोजायला येणाऱ्यांशी. वन्संची आता सत्तरी उलटली, आमचं येणंजाणं उत्तम आहे, दर दिवाळीला मी त्यांना खटायांचा डबा पाठवते आणि त्या फोन करून "छान झाल्यात" म्हणतात. टोपल्यांबद्दल अजून काही म्हणालेल्या नाहीत.

खर्चाचं: मोठा खर्च तुपाचा, बाकी सगळं किरकोळ. वरच्या मापाच्या एका घाण्याला शंभर ग्रॅम, म्हणजे रोज एक घाणा केला तर महिन्याला तीन किलो तूप. विकतचं धरलंत तर आकडा डोळ्यांत भरेल. साय साठवून घरी लोणी काढत असाल तर तो बराच खाली येतो, आणि घरच्या रवाळ तुपाची खटाई जास्त खुसखुशीत होते. तेवढं तूप झेपत नसेल तर घाणा निम्मा करा. बारा खटाया झाल्या काय आणि सहा झाल्या काय, रोज झाल्या पाहिजेत. डालडा मात्र घालू नका. स्वस्त पडतो, पण टाळूला चिकटतो.