सोलापुरात घरच्या २ फुटी टँकमध्ये कुठले मासे ठेवावेत?

पहिल्यांदाच ठेवताय ना, मग डोळे झाकून गप्पी, मॉली आणि प्लॅटी घ्या. कारण आपल्याकडं बोअरचं पाणी जड (क्षार जास्त असलेलं) असतं आणि ह्या तिन्ही माशांना तसलंच पाणी मानवतं. नियॉन टेट्रा दुकानात लई भारी दिसतो पण त्याला मऊ पाणी लागतं, तो नवीन माणसाने घेऊच नये.

गोल्डफिशचा मोह तर सगळ्यांनाच होतो, मलाही झाला होता. पण तो थंड पाण्याचा मासा आहे, १८ ते २२ डिग्रीत खूश असतो आणि आपल्याकडं मे महिन्यात बाहेर ४२-४३ होतं, पाणी तापलं की त्यातला ऑक्सिजन कमी होतो आणि तो वर येऊन तोंड उघडझाप करत बसतो, बघवत नाही हो. शिवाय तो वीतभर वाढतो, घाण पण जास्त करतो, २ फुटी टँक म्हणजे जेमतेम ५५ लिटर पाणी, त्यात कसा मावणार?

गप्पी घेताना एका नराला दोन-तीन माद्या घ्या, नाहीतर नर मादीला दम खाऊ देत नाहीत. पिल्लं नको असतील तर नुसते नरच घ्या. फायटर (बेटा) मासा एकटाच ठेवायचा, दोन नर कधीच नाही.

आणि नळाचं पाणी रोज येत नाही म्हणून एक बादली कायम उघडी भरून ठेवा, दिवसभरात क्लोरीन उडतं, आठवड्याला पाव टँक पाणी त्यातनंच बदला. सगळे मासे एकदम आणू नका, आधी चारच.