क्रोसाँ सँडविच डायरीत कसं लिहाल?

तुम्ही रोजच्या खाण्याच्या डायरीत ‘क्रोसाँ सँडविच, २३० कॅलरी’ असं लिहिलंय. तो आकडा साधारण ५७ ग्रॅमच्या नुसत्या बटर क्रोसाँचा, सारणाशिवाय. त्यातच १२ ग्रॅम फॅट असतं, कारण मैद्याच्या घड्यांमध्ये लोण्याचे थर लाटलेले असतात. प्रोटीन जेमतेम ५ ग्रॅम, फायबर नावाला.

आता आतलं मोजा. एक अंडं धरा ७० कॅलरी आणि ६ ग्रॅम प्रोटीन, चीज स्लाइसच्या आणखी ६०. झाले ३६०! निम्म्याहून जास्त कॅलरी फॅटच्या. काकडी-टोमॅटोचा हिशोब नाही ठेवलात तरी चालेल. मेयोनीजचा मात्र ठेवाच. एका टेबलस्पूनमागे ९० कॅलरी वाढतात, आणि कॅफेवाले हात आखडता घेत नाहीत. तिथला क्रोसाँही बऱ्याचदा मोठा असतो. एकदा पार्सल आणून किचन स्केलवर ठेवून बघा, अंदाज पक्का होतो.

पाकीटबंद घेताना लेबलवरचा आकडा दर १०० ग्रॅमचा आहे की एका नगाचा, ते आधी पाहा. नवखे हमखास इथेच फसतात. शिवाय घटकांत लोणी आहे की मार्जरीन (वनस्पती तेलापासून केलेला लोण्याचा पर्याय), तेही वाचा. २०२२ पासून आपल्याकडे तेला-तुपातल्या ट्रान्स फॅटवर २ टक्क्यांची मर्यादा आहे, पण सॅच्युरेटेड फॅट लोणी आणि मार्जरीन दोन्हींत असतंच.

बंद करायला मी सांगणार नाही, मीही खाते. फक्त चीज किंवा मेयो, दोन्हींपैकी एकच. आणि सोबतची कोल्ड कॉफी वेगळ्या ओळीत लिहा, ती सँडविचमध्ये लपवू नका.