नेटवर टाकलेली कथा अंकाला चालेल का?

प्रश्न : यंत्रमाग कामगारांवरच्या माझ्या कथा फेसबुकवर आणि एका कथा-अ‍ॅपवर टाकल्या आहेत. त्या आता दिवाळी अंकाला, प्रकाशकाला पाठवू का? आधी पोस्ट काढून टाकू?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : दिवाळी अंकांना बहुधा अप्रकाशित कथाच हवी असते, आणि बरेच संपादक फेसबुकवरची कथाही प्रकाशित धरतात. पोस्ट काढल्याने ती पुन्हा कोरी होत नाही. स्क्रीनशॉट फिरत राहतात. तेव्हा अंकाला नवी कथा द्या. संग्रहाचं तसं नाही. अंकांत आलेल्या कथांचेच संग्रह निघतात, त्यामुळे प्रकाशक सहसा अडत नाही. मात्र कुठली कथा कुठे, कधी टाकली ते पत्रात लिहा. लपवलेलं नंतर उघड झालं की संबंध बिघडतात.

खरी अडचण अ‍ॅपची. ‘मान्य’ म्हणून पुढे गेलात, तेव्हा अनन्य हक्क, म्हणजे कथा फक्त त्यांनाच वापरता येईल असे हक्क, तर दिले नाहीत ना, हे अटींत तपासा. दिले असतील तर आधी लेखी मोकळीक घ्या.

प्रकाशकाशी करारही लेखीच हवा. 1957च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क सोपवताना मुदत लिहिली नसेल तर ती 5 वर्षं धरतात. ऑडिओ, अनुवाद, चित्रपट यांचे हक्क सरसकट देऊन टाकू नका.

मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फोनवर-संगणकावर वाचता येणाऱ्या टायपिंगमध्ये पाठवा, सोबत पीडीएफ जोडा. छपाईच्या फॉन्टमध्ये बदलताना जोडाक्षरं आणि रफार तुटतात. मुद्रितशोधनाला पीडीएफच कामी येते.